मळलेला खेकडा

घाटातल्या जुन्या इलेक्ट्रिक इंजिनाचं मोठं मॉडेल करायचं ठरवलं तेव्हा ओळखीच्या सगळ्यांनी डेक्कन क्वीनचं नाव घेतलं. मला खेकडा करायचा होता. मालगाडीचं इंजिन, दोन्ही टोकांना लांब नाकाडं, मध्ये ड्रायव्हरची खोली, आणि विजेवर चालत असूनही खाली वाफेच्या इंजिनासारखे फिरणारे दांडे. जीआयपी रेल्वेने, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वजाने, त्याला ईएफ-1 म्हटलं, पुढे ते डब्ल्यूसीजी-1 झालं, पण लाइनवरच्या लोकांसाठी खेकडाच. 1928 पासून अशी 41 इंजिनं आली, काही स्वित्झर्लंडमधल्या विंटरथुरला बनलेली, बाकीची इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीतली. 1929 साली पुण्यापर्यंत वीज पोचली आणि बोरघाटात 37 फुटांना एक फूट असा चढ ही इंजिनं मालगाड्या घेऊन चढू लागली. म्हातारपणी मुंबईच्या यार्डात शंटिंग केलं आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सेवेतून गेली.

माझे बाबा कल्याणच्या शेडमध्ये फिटर होते. नोकरीची पहिली वर्षं त्यांची या इंजिनांच्या पोटाखाली गेली. त्यामुळे मॉडेलला परीक्षक घरातच होता, आणि तो फुकट असला तरी स्वस्त नव्हता.

मापं घ्यायला वरळीला गेले. नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात एक खेकडा उघड्यावर उभा आहे. दुसरा एक, 4502 नंबरचा ‘सर लेस्ली विल्सन’, दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, पण वरळी डोंबिवलीहून लोकलने गाठता येते. प्रत्येक फोटोत फूटपट्टी दिसेल अशी धरायची आणि फोटो शक्य तितका लांब जाऊन झूम करून काढायचा, म्हणजे जवळचं फुगत नाही आणि लांबचं आक्रसत नाही. टेपने फक्त जिथे हात पोचतो तिथली मापं घेतली, बाकी सगळं घरी स्क्रीनवर फूटपट्टीच्या हिशेबाने काढलं. स्केल 1:20 धरलं. ब्रॉडगेजचे 1676 मिलिमीटर त्यात 84च्या जवळपास येतात आणि इंजिन मीटरभर लांब होतं. याहून लहान केलं असतं तर मनासारखा स्पीकर बसला नसता. मोठं केलं असतं तर आईने मला घराबाहेर बसवलं असतं.

बॉडीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. दीड आणि दोन मिलिमीटरची स्टायरीन शीट, आतून अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचा सांगाडा, कोपऱ्यांना पुट्टी आणि मग पॉलिश पेपर, पॉलिश पेपर, पॉलिश पेपर. रिव्हेटांसाठी इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये फेविकॉल भरून एकेक ठिपका दिला. फेविकॉल वाळताना बसतो, म्हणून ठिपका हवा त्याहून जरा फुगीर ठेवायचा. पेन्सिलने रेघ आखून, पट्टीच्या आधाराने, श्वास धरून. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर करायला याहून चांगलं काम मला तरी माहीत नाही.

खरी कसोटी खाली, चाकांत होती. खेकड्याची प्रत्येक बोगी, म्हणजे खालचा चाकांचा गाडा, तीन जोड्यांची. मोटरींची ताकद गिअरमधून आधी एका आडव्या शाफ्टला जाते आणि तिथून दांड्यांनी चाकांना. एका बाजूचा क्रँक, म्हणजे चाकाच्या मध्यापासून जरा बाजूला दांडा अडकतो ती जागा, दुसऱ्या बाजूच्या क्रँकशी 90 अंशांत बसवावा लागतो. कारण साधं आहे: एका बाजूचा दांडा जेव्हा चाकाच्या मध्याशी सरळ रेषेत येतो तेव्हा त्याला चाक फिरवताच येत नाही. त्या क्षणी दुसऱ्या बाजूच्या दांड्याचा जोर सगळ्यात जास्त असायला हवा. एका चाकाचा कोन अंशभर जरी इकडेतिकडे झाला तरी ते अडखळतं, दर फेऱ्याला एकाच ठिकाणी.

चाकं एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून कातून घेतली. क्रँकची भोकं पाडायला त्यानेच जिग करून दिलं: एका ठोकळ्यात अ‍ॅक्सल आडवा बसतो आणि दोन्ही टोकांची चाकं दोन पिनांवर टेकतात, एक वरची, एक बाजूची. तिन्ही जोड्या त्याच ठोकळ्यातून काढल्या की कोन अगदी 90 नसला तरी सगळ्यांचा सारखा असतो, आणि सारखा असणं जास्त महत्त्वाचं. दांड्यांची भोकं आणि फ्रेममधली अ‍ॅक्सलची भोकं वेगवेगळी मोजून पाडायची नाहीत. पितळेची पट्टी फ्रेमच्या पट्टीवर क्लॅम्पने आवळायची आणि ड्रिल दोन्हींतून एकदम घालायचं. मोजमाप चुकलं तरी दोन्हीकडे सारखंच चुकतं आणि चाक फिरतं. हे बाबांनी सांगितलं. “शेडमध्ये पण असंच करायचे का?” विचारलं, तर म्हणाले, “शेडमध्ये आमच्याकडे ड्रॉइंग होतं.”

मोटरी दोन, प्रत्येक बोगीला एक, 12 व्होल्टच्या जॉन्सन गिअर मोटरी, लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या. शंभर आरपीएमची का घेतली ते सांगते. शंटिंगचा वेग ताशी 20 किलोमीटर धरला तर 1:20 मध्ये तो सेकंदाला 28 सेंटिमीटर होतो. माझं चाक 60 मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे मिनिटाला 88 फेरे. दुकानदार तीनशेची घे म्हणत होता, “रेट सेम आहे, मॅडम.” मोठ्या मॉडेलचा सगळ्यात पहिला पराभव वेगात होतो. सव्वाशे टनांचं धूड खेळण्यासारखं सुटलं की रंग, रिव्हेट, दिवे सगळं फुकट गेलं. घरात रूळ टाकायला जागा नाही, त्यामुळे इंजिन 608च्या बेअरिंगांवर उभं आहे आणि चाकं जागच्या जागी फिरतात. तरीही डोळा वेग पकडतोच.

मोटर ड्रायव्हर, म्हणजे मोटरला वीज सोडणारं सर्किट, म्हणून सगळीकडे मिळतो तो एल298 टाळला. तो स्वतःच दोनेक व्होल्ट खातो आणि तापतो. मॉसफेटवाला घेतला. दुसरी गोष्ट पीडब्ल्यूएमची. मोटरचा वेग कमी करताना वीज सेकंदाला काहीशे वेळा चालू-बंद केली तर मोटर डासासारखी गुणगुणते. ती वारंवारता 20 किलोहर्ट्झच्या वर नेली की आवाज कानाच्या टप्प्याबाहेर जातो. ज्या मॉडेलमध्ये पुढे आवाज घालायचा आहे त्यात मोटरचा स्वतःचा आवाज आधी मारावा लागतो.

वेग वाढण्याची पद्धत बाबांनी ठरवली. मी सुरुवातीला तो अगदी गुळगुळीत वाढेल असा प्रोग्राम लिहून दाखवला होता. त्यांनी दोनदा बघितलं आणि विचारलं, “नॉच कुठे आहेत?” जुन्या डीसी इंजिनात ड्रायव्हर एकेक नॉच घेतो, दर नॉचला कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेचे मोठे स्विच, पडतात, रेझिस्टन्स कमी होत जातो आणि गाडी पायरी पायरीने वेग घेते. आता माझं इंजिनही तसंच सुटतं: आधी खट, मग जरासा हिसका, मग थांबा, परत खट.

दिव्यांचं थोडक्यात. पांढरा शुभ्र एलईडी अशा इंजिनावर लावणं म्हणजे आजोबांना गॉगल घालणं. पिवळसर, वॉर्म व्हाइट घ्यायचा, त्यावर पारदर्शक नारिंगी रंगाचा एक पातळ हात द्यायचा आणि 12 व्होल्टवर एक किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे 9-10 मिलिअँपिअर. त्यावरही पीडब्ल्यूएमने निम्मा करायचा. बटण दाबल्यावर दिवा एकदम लागू नये, फिलामेंटचा बल्ब जसा क्षणभर घेऊन लाल, मग पिवळा होतो तसा हळू वर यावा. बंद होतानाही तसंच. केबिनमध्ये एकच मंद दिवा. आणि बॉडीला आतून आधी काळा रंग किंवा अ‍ॅल्युमिनियमची टेप हवीच, नाहीतर अंधारात इंजिन आकाशकंदिलासारखं आतून उजळतं.

आता आवाज. उभं असताना हे इंजिन कण्हायचं आणि चालताना दांड्यांच्या जोडणीतून एक सळसळ यायची. ज्यांनी ऐकलं आहे ते सगळे हे सांगतात आणि प्रत्येकजण तोंडाने वेगळाच आवाज काढून दाखवतो. माझ्याकडे कान एकच होता, बाबांचा. मी मोबाइल घेऊन आवाज गोळा करायला लागले. बाजारातली पिठाची गिरणी बंद करताना पट्टा हळूहळू थांबतो तेव्हाचा घरघराट. सोसायटीच्या पंपाचा. आमच्या जुन्या टेबलफॅनचा. घरी त्यांचा वेग निम्मा करायचा, एकावर एक चढवायचे आणि बाबांना ऐकवायचे. ते चहा पिता पिता मान हलवायचे. गिरणी आणि पंप मिळून एकदा जवळ आलं असं मला वाटलं, तर म्हणाले, “हे रडतंय. ते रडायचं नाही, कण्हायचं.” मग एक्झॉस्टरचा, म्हणजे ब्रेकसाठी हवा ओढणाऱ्या पंपाचा, आवाज वेगळा आणि कण्हणं वेगळं, हे त्यांनी दोन्ही हातांनी समजावलं: एक सलग, दुसरं वर-खाली होणारं, पण ठरलेल्या तालात नाही. प्रोग्राममध्ये त्या वर-खाली होण्याला मी थोडा अनियमितपणा दिला आणि तिथे ते पहिल्यांदा काही बोलले नाहीत.

तांत्रिक बाजू सांगायची तर, डीएफप्लेअर नावाचं स्वस्त मॉड्यूल या कामाला सगळे वापरतात, मीही आधी तेच विकत घेतलं. एमपी-थ्री वाजवायला ते उत्तम आहे. पण ते एका वेळी एकच फाइल वाजवतं, लूप होताना मध्ये बारीक फट पडते, आणि हुकूम दिल्यापासून आवाज येईपर्यंत थोडा वेळ घेतं. मला कण्हणं, एक्झॉस्टर, कॉन्टॅक्टर आणि सळसळ एकत्र हवी होती, आणि सळसळ दांड्याच्या फेऱ्याला बरोबर जुळलेली. म्हणून ईएसपी32 ही चिप आणि तिला जोडलेला मॅक्स98357 हा छोटा अ‍ॅम्प्लिफायर वापरला. आवाज त्या चिपमध्येच एकत्र होतात. आडव्या शाफ्टवर एक बारीक लोहचुंबक आणि समोर हॉल सेन्सर आहे, त्यामुळे दांडा कुठे आहे हे तिला कळतं. दोन्ही बोगींच्या मोटरी स्वतंत्र असल्याने त्यांचे दांडे हळूहळू एकमेकांपासून सरकतात आणि दोन सळसळी कधी एकत्र येतात, कधी आलटून पालटून. हे मी मुद्दाम केलेलं नाही, पण ते इतकं छान ऐकू येतं की दुरुस्त करायचा विचारही केला नाही.

स्पीकर तीन इंची, बॉडीत न बसवता खालच्या लाकडी पाटाच्या पोकळीत, तोंड खाली करून. एवढ्या स्पीकरमधून अगदी खालचा खर्ज येत नाही. त्यावर उपाय म्हणजे त्या खर्जाच्या दुप्पट आणि तिप्पट वारंवारतेचे सूर थोडे वाढवायचे. कान उरलेला खालचा सूर आपणच भरून घेतो. मोटरींच्या ब्रशमुळे स्पीकरमध्ये करकर येते, तिला मोटरच्या दोन पिनांवर 104 नंबरचा सिरॅमिक कपॅसिटर आणि मोटरींसाठी वेगळी ग्राउंड वायर. सगळं 12 व्होल्ट डीसीवर चालतं. मुंबईच्या लोकलमधून 1500 व्होल्टचा डीसी 2016 साली कायमचा गेला, आमच्या दिवाणखान्यात तो अजून आहे.

आणि मग मळवणं. वेदरिंग हा शब्द मॉडेलवाले वापरतात, बाबा मळवणं म्हणतात.

मी तयारीनिशी होते. हेअरस्प्रेची युक्ती करायची ठरवलं होतं: खाली गंजाचा रंग, त्यावर हेअरस्प्रे, वर इंजिनाचा रंग, मग ओल्या ब्रशने घासलं की वरचा रंग टवके उडाल्यासारखा निघतो आणि गंज दिसतो. वरळीचे फोटो समोर लावलेले होते, त्यात समुद्राच्या हवेने पत्र्याच्या शिवणीत केलेलं काम दिसत होतं. बाबांनी फोटो बघितले आणि बाजूला ठेवले. “हे रिटायर झालेलं आहे,” म्हणाले. “चालू इंजिन गंजत नाही गं, मळतं. गंज चढायला उभं राहावं लागतं.”

मला वाटतं, या सगळ्या कामात मी जे शिकले ते या एका वाक्यात आलं. वेदरिंग करणारे आपण सगळे गंजाच्या प्रेमात असतो, कारण तो दिसायला देखणा असतो. पण रोज तेल-पाणी होणाऱ्या, रोज हात लागणाऱ्या यंत्राची घाण वेगळी असते आणि तिच्या प्रत्येक डागाला पत्ता असतो. बाबा पेन्सिल घेऊन माझ्या प्रिंटआउटवर खुणा करत गेले. बाजूच्या दांड्यांच्या टोकांना तेल, तेही वरून ओघळलेलं नाही तर फिरताना उडालेलं, म्हणून चाकाच्या मागच्या फ्रेमवर अर्धगोल शिंतोडे. बिडाच्या ब्रेकब्लॉकची भुकटी तांबूस-तपकिरी, ती चाकांच्या आसपास आणि बोगीवर, वर जाता जाता विरळ. छतावर पँटोग्राफच्या, म्हणजे तारेतून वीज घेणाऱ्या सांगाड्याच्या, खाली काळपट पट्टा. नाकाडांच्या वर जिथे फिटर चालतो तिथे रंग घासून गेलेला. पायरीच्या कडेला धातू चकचकीत, कारण शंटर दिवसभर तिथे उभा. दरवाजाच्या दांडीखाली पत्र्यावर एक काळा, गुळगुळीत, जरा चमकणारा डाग. “हा कशाचा?” विचारलं. “आमच्या हाताचा. वर चढताना एक हात दांडीला, दुसरा इथे टेकायचा.” असा डाग मी कुठल्याच मॉडेलवर बघितला नव्हता.

रंगाबद्दल मात्र त्यांचा उपयोग झाला नाही. तपकिरी, म्हणाले. कुठला तपकिरी, तर “रेल्वेचा.” जुने रंगीत फोटो बघावेत तर प्रत्येकात छटा वेगळी, फिल्म जुनी झाली की तांबडी पडते. शेवटी मी एक मळकट तपकिरी-मरून तयार केला आणि त्यात थोडा पांढरा मिसळला. खऱ्या इंजिनाचा रंग जसाच्या तसा मॉडेलवर लावला तर गडद वाटतो, कारण खरं इंजिन आपण लांबून, मधल्या हवेतून बघतो. काळ्यालाही हेच लागू. माझ्या मॉडेलवर शुद्ध काळा कुठेही नाही, गडद राखाडी आहे.

क्रम असा होता: प्रायमर, मूळ रंग, ग्लॉस लॅकर, त्यावर नंबर आणि अक्षरांचे ट्रान्सफर, परत ग्लॉस. ग्लॉसवर कारण की पुढचा वॉश गुळगुळीत पृष्ठभागावरच रिव्हेटांच्या बुडाशी वाहत जातो. खरखरीत रंगावर तो जिथल्या तिथे डाग पाडतो. वॉश म्हणजे कॅमलचा बर्न्ट अंबर ऑइल कलर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला. तासाभराने चपट्या ब्रशला किंचित टर्पेंटाइन लावून वरून खाली ओढायचा, फक्त वरून खाली, कारण पाऊस तसाच वाहतो. मग मॅट लॅकर. हे मॅट मी जुलै-ऑगस्टमध्ये मारत नाही. हवेत ओल असली की लॅकरवर पांढरी साय धरते, आणि डोंबिवलीच्या पावसाळ्यात हवेत ओलीशिवाय दुसरं काही नसतंच. दसऱ्यापर्यंत थांबायचं.

मॅटवर भुकटी. परदेशी पिगमेंटच्या बाटल्या महाग पडतात. ब्रेकच्या धुळीसाठी मी गेरू वापरला, तोच, कुंड्यांना लावतात तो, कापडातून दोनदा चाळून त्यात बर्न्ट अंबर रंगाचा खडू किसून. नुसता गेरू फार लाल दिसतो. छतासाठी निरांजनावर धरलेल्या ताटलीची काजळी. ही भुकटी फिक्स करायला वरून लॅकर मारलं तर निम्मी दिसेनाशी होते, म्हणून खालच्या भागावर, जिथे कोणाचा हात लागत नाही, तिथे ती तशीच सोडली आहे.

तेल सगळ्यात शेवटी. बाकी सगळं धुळकट, सुकं असताना दांड्यांच्या टोकांना, अ‍ॅक्सलबॉक्सखाली आणि त्या हाताच्या डागावर ग्लॉस लॅकरमध्ये थोडा काळपट तपकिरी मिसळून बारीक ब्रशने दिला. सुक्याशेजारी ओलं आलं की डोळ्याला ते तेलच वाटतं. दांडे स्वतः रंगवलेच नाहीत. पितळ निकेलने झाकून घेतलं, आणि खऱ्या मशिन ऑइलचा एक थेंब बोटाने चोळला.

दिवाळीत काका-काकू, आत्या सगळे आले तेव्हा पहिल्यांदा सगळं एकत्र चालवलं. आधी कण्हणं, मग दिवा, मग खट आणि हिसका. लहान मुलांना हॉर्न हवा होता, तो दिला. काका, तेही रेल्वेतलेच, सिग्नलमध्ये होते, त्यांनी वाकून दरवाजाकडे बघितलं आणि बाबांना म्हणाले, “हात धुवायचे तरी.”

पँटोग्राफ अजून हाताने वर करावा लागतो. सर्व्हो मोटर आणून ठेवली आहे, पण तो स्प्रिंगने हळूच तारेला टेकल्यासारखा वर जायला हवा आणि बाबांच्या मते माझा प्रोग्राम त्याला छत्री उघडल्यासारखा उघडतो. त्यांचा जास्त आग्रह दुसऱ्याच गोष्टीचा आहे. मालगाडीचं इंजिन मोकळं काय फिरवतेस, मागे दोन वाघिणी तरी लाव, असं रोज ऐकते. चारचाकी, उघड्या, कोळशाच्या. त्यांची मापं काढून झाली आहेत. वाघिणी मात्र गंजतात, हे बाबांना मान्य आहे, त्यामुळे हेअरस्प्रेची बाटली परत वर काढली आहे.